त्याला फ्लू, मला नुसती सर्दी

मंडळी, आज मला चक्क नवऱ्याच्या तापाचा हेवा वाटला.

बेंगळुरूत थंडी सुरू झाली आणि आम्ही दोघंही एकदमच आजारी पडलो. सकाळी इंदिरानगरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्याला एकाएकी ताप चढलाय आणि अंग ठणकतंय, म्हणजे फ्लू. ताप उतरेपर्यंत झोपून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं.

माझं नाक गळतंय, घसा खवखवतोय, पण ताप नाही. "तुम्हाला नुसती सर्दी आहे. गुळण्या करा, वाफ घ्या." संपलं.

घरी येऊन खिचडी मीच टाकली. शेजारच्या अक्का डबाभर मिऱ्याचं सारू, म्हणजे इकडचं रसम, घेऊन आल्या. मी दारातच शिंकले, तर म्हणाल्या, "सरांना गरम असतानाच द्या."

मग नागपूरहून आईचा फोन आला. त्याची नाही, माझी आई. माझा बसलेला आवाज तिला ऐकूच आला नाही. म्हणाली, "जावयांना दे बरं फोन."

आता तो गाढ झोपलाय आणि मी थर्मामीटर तोंडात धरून बसलेय. खोटं कशाला बोलू, थोडा तरी ताप निघावा असं वाटतंय.

तुमच्याकडे ताप नसलेल्या आजारी बाईचं कोण करतं?