वरच्या टोकाचं भोक

हॉस्पिटलात हृदयाचा एको, म्हणजे सोनोग्राफी, काढणाऱ्या ताईंच्या सासूबाईंना दहा पायऱ्या चढल्या की दम लागायचा. दोनदा एको झाला आणि दोन्ही वेळा काही सापडलं नाही. घरचे म्हणाले, वयच झालं आता.

ताईंना ते पटेना. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सासूबाईंना आपल्याच टेबलावर झोपवलं. हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसत होती. पण वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा मधोमध धड होता आणि खाली झडपांपाशीही धडच होता.

"आई, आता उजव्या कुशीवर वळा."

"मागे तर डाव्या कुशीवर झोपवलं होतं."

"म्हणूनच म्हणते."

यंत्राचा प्रोब छातीला उजवीकडून टेकवल्यावर पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला, मोठी शीर हृदयात शिरते तिथे, भोक दिसलं. जन्मापासूनचं होतं ते. डॉक्टरांनीही पाहून होकार दिला.

"याला काही नाव असेलच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"जागेवरून पडतं. बहुतेकांचं पडद्याच्या मधलं असतं, काहींचं झडपांजवळचं. तुमचं वरच्या शिरेपाशीचं. असं भोक असलेल्या शंभरात पाच-दहा जणांनाच तिथे असतं."

"म्हणजे अगदीच साधंसुधं नाही तर," सासूबाई खुलल्या.

ऑपरेशन छान झालं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचं मधलं की वरचं?"

"मधलं," त्या बाई म्हणाल्या.

"असू दे, तेही चांगलंच," सासूबाईंनी त्यांना धीर दिला.