वालाच्या वेलावरचे काटेरी किडे

वालाच्या वेलावर मावा पडला होता आणि त्यात काळे, काटेरी किडेही फिरत होते. धानाची उरलेली दवाई पंपात भरून नवरा परसात आला. रोज तोडायच्या शेंगांवर मला ती नको होती. पण वेल जाऊनही चालणार नव्हतं.

"थांबा, आधी फोटो काढते."

"काहून? लगन जमवून राह्यली का त्याचं?"

मोबाइलला भिंगाची क्लिप लावून मी काढलाच. मोठा करून पाहिला, तर काटेरी किड्याच्या तोंडात मावा होता. ही मावा खाणाऱ्या, लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या ढालकिड्याची पिल्लं होती. माझा जीव भांड्यात पडला.

नवऱ्यानं फोटो निरखला. "हौ, खाऊन तर राह्यला. जेवू दे मग त्याले."

पंप तसाच वावरात परत गेला. संध्याकाळी मी निर्धास्तपणे शेंगा तोडल्या.