शहाडच्या गोठ्यातल्या जपानी गाड्या

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, गाड्यांतून काढलेले जुने पार्ट आणि दुसरे, किस्से! पार्ट निदान भंगारवाला येऊन घेऊन जातो. किस्से कोण नेणार? मग चहाला कोणी टेकला की त्याच्या गळ्यात घालायचे. आज तुम्ही सापडलात.

आधी ओळख करून देतो. मी संदीप, आंबिवलीचा. माझा पार्टनर दिनेश म्हात्रे, शहाडचा. आमचं गॅरेज त्याच्या घराच्या गोठ्यात आहे. म्हणजे अर्ध्या गोठ्यात. उरलेल्या अर्ध्यात त्याच्या आईच्या म्हशी. काम आमचं जरा वेगळं आहे. जपानी स्पोर्ट्स गाड्यांना मोठे ब्रेक, चांगलं सस्पेन्शन, दमदार एक्झॉस्ट असलं सगळं बसवून द्यायचं. "कल्याणात कोणाकडे आहेत रे अशा गाड्या?" असं प्रत्येकजण विचारतो. अहो, आहेत! सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून झाकलेल्या असतात. रविवारी सकाळी कव्हर निघतं आणि मालक आमच्याकडे येतो.

दिनेशचा एकच नियम आहे. आधी ब्रेक, मग पॉवर. आता यावरून जे काय काय झालंय ना...

*

ठाण्याहून केतन नावाचा एक पोरगा आलेला. आयटीत नोकरी, लाल रंगाची दोन दरवाजांची जपानी गाडी, डोळ्यांवर गॉगल. गाडीतून उतरता उतरताच म्हणाला, "भाऊ, टर्बो टाकायचाय!"

दिनेश पुढच्या चाकाजवळ गेला. वाकून चाकामागे टॉर्च मारला. ब्रेकचे पॅड झिजून पापड झालेले.

"आधी ब्रेक करू," दिनेश म्हणाला.

"अरे भाई, मला पळायचंय! थांबायचं नाहीये!"

"राहायला कुठे?"

"घोडबंदर रोड."

"मग थांबायचंच आहे!"

केतनने गॉगल काढला. म्हणाला, "बरोबर आहे. ब्रेक करा."

*

त्याच्यासाठी मोठ्या ब्रेक डिस्क मागवल्या. डिस्क म्हणजे चाकामागची ती लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात आणि गाडी थांबते. माल परदेशातून येणार होता. केतन तर रोज फोन करायचा. एक दिवस मोबाइलवर मेसेज आला, पार्सल पोचलं! पण आमच्याकडे कोणीच आलेलं नव्हतं.

कुरियरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "म्हात्रेंकडे दिलं ना! दारात मांडव होता, तिकडे."

आमच्याकडे मांडव नव्हता, म्हशी होत्या. आणि शहाडपासून मोहन्यापर्यंत डोळे मिटून कोणालाही हाक मारली तरी तो म्हात्रे निघतो! दिनेशने चार फोन फिरवले. कळलं की मोहन्याला एका म्हात्रेंच्या मुलीची आज हळद आहे. केतन तेव्हा आमच्याकडेच बसलेला. तिघंही निघालो.

मांडवात बँजो वाजतोय, दोन-तीनशे माणूस नाचतंय, आणि पुढच्या दोन खांबांखाली आमच्या दोन्ही डिस्क! दुपारी वारा सुटून मांडव डुलायला लागलेला. कोणीतरी खोकं उघडून बघितलं, आत मस्त जड लोखंड मिळालं, दिलं खांबाखाली. केतनचा चेहरा असा झाला की आता हा रडणार.

दिनेश खांबाकडे वाकला, तेवढ्यात नवरीची आई धावत आली. "आरं बाला, आता काडलास त मांडव परंल! हलद व्हऊ दे, मंग ने!"

काय करणार? थांबलो. जेवलो. मटण असं होतं की केतनने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मग कोणीतरी त्याला ओढून नाचायला नेलं. तासाभराने बघतोय तर पोरगा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, आणि डिस्कचं नावसुद्धा काढत नाही!

माणसं पांगल्यावर डिस्क काढल्या. दिनेशने तिथेच पुसून पुसून बघितल्या. कुठे चीर नाही, कुठे वाकलेलं नाही. गॅरेजात आणून गेज लावला, एकदम सरळ. जीव भांड्यात पडला!

निघताना केतनने नवरीच्या आईला घाबरत विचारलेलं, "मावशी, वजनाने काय झालं नसेल ना यांना?"

मावशी म्हणाल्या, "सगला मांडव धरला यांनी. तुजी गारी काय घिऊन बसलास!"

*

ब्रेक बसले. डिस्कला धरणारा जो भाग असतो, कॅलिपर, तो भडक लाल रंगाचा. चाकातून लांबूनही दिसतो. त्याच आठवड्यात कापूरबावडीला ट्रॅफिक हवालदाराने केतनला बाजूला घेतलं.

"हे लाल काय लावलंय?"

"ब्रेक आहे साहेब."

"कंपनीचा नाही?"

"नाही साहेब. कंपनीचा छोटा होता. हा मोठा आहे."

"कशाला?"

"लवकर थांबायला, साहेब."

हवालदार चाकाजवळ उकिडवे बसले. आत बघितलं. सगळे कागद बघितले. मग उठून म्हणाले, "एवढी वर्षं या सिग्नलला उभा आहे. थांबायची हौस असलेला तू पहिलाच भेटलास. जा!"

*

पुढे केतन एक्झॉस्टसाठी आला. चांगला, पासिंगच्या नियमात बसणाराच आवाज होता, पण खर्जातला. दिनेशने बसवून गाडी सुरू केली. गोठ्याचे पत्रे थरथरले. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसतोय, तोवर पलीकडून दिनेशची आई बादली घेऊन आली. बादली रिकामी!

"चंद्रीनं यक थेंब दिला नाय! कसला वाघ आनलास रं गोठ्यान?"

चंद्री म्हणजे तिची लाडकी म्हैस. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. संध्याकाळी पुन्हा तेच. म्हैस पान्हाच सोडेना. आई रात्री जेवली नाही. दिनेशही नाही. सकाळी मला म्हणाला, "संद्या, आईने त्या म्हशींवर मला शिकवलंय. चंद्री आटली तर मी गॅरेज इथून हलवतो." चेष्टेत बोलत नव्हता.

त्या दिवशी आम्ही एकही गाडी सुरू केली नाही. हातोडासुद्धा कापड गुंडाळून मारला. संध्याकाळी आई चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत, तिच्याशी काहीबाही बोलत बसली. आम्ही दोघं भिंतीला कान लावून उभे. आणि बादलीत पहिली धार वाजली! दिनेश तिथेच खाली बसला.

तेव्हापासून नियम झाला. दूध काढून झाल्याशिवाय एकही गाडी स्टार्ट करायची नाही. ग्राहक कितीही मोठा असू दे!

पुढच्या वेळी केतन गाडी न्यायला आलेला, तेव्हा नेमकी दुधाची वेळ. बिचारा बाकावर बसून वाट बघत होता. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. फोनवर तो अगदी गंभीरपणे सांगत होता, "सर, मीटिंगला उशीर होईल. गाडी रेडी आहे, पण म्हैस अजून झाली नाही."

*

डोंबिवलीच्या एक डॉक्टर आहेत, मेधाताई. हाडांच्या डॉक्टर. जपानी स्पोर्ट्स सेडान स्वतः चालवतात. त्यांच्या गाडीला नवीन पॅड बसवले. नवीन पॅड डिस्कवर नीट बसायला एक काम करावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात न्यायची, जोरात ब्रेक मारायचा, परत वेग, परत ब्रेक. पॅड तापतात, धूर येतो, करपल्यासारखा वास सुटतो. घाबरायचं कारण नसतं.

पण हे त्यांच्या सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दोघी टिटवाळ्याला दर्शनाला निघालेल्या. म्हणून मेधाताई म्हणाल्या, "सासूबाई मागे बसतील. जाता जाता तेवढं उरकून टाकू."

सकाळी मुरबाड रोडला दिनेश गाडी चालवतोय, मेधाताई शेजारी, मागे सासूबाई आणि मी. दिनेशने पहिला ब्रेक मारला. सासूबाईंनी पिशवीतला नारळ घट्ट धरला. दुसरा मारला. तिसऱ्याला त्या शांतपणे म्हणाल्या, "हा मुलगा गाडी चालवतो आहे की ताक घुसळतो आहे?"

मग वास सुटला. सासूबाई सावध झाल्या. दोनदा हुंगलं आणि एकदम ओरडल्या, "मेधा! निघताना गॅस बंद केला होतास ना?"

आम्ही सगळे हसलो. मेधाताई म्हणाल्या, "अहो, ब्रेकचा वास आहे तो." आणि मग त्यांचं हसू थांबलं. "सासूबाई, दूध तुम्ही उतरवलंत ना?"

"मी? मी तर तुला सांगितलं होतं!"

दिनेशने गाडी बाजूला घेतली. मेधाताईंनी शेजारच्या काकूंना फोन लावला. त्यांच्याकडे घराची किल्ली असते. फोन स्पीकरवर. किल्लीचा आवाज, दाराचा आवाज, चपलांचा आवाज... मेधाताईंनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"अगं चालूच होता की गॅस!" काकूंचा आवाज आला. "बारीक होता म्हणून वाचलं. आता केला बंद."

मेधाताईंनी डोळे मिटून मान मागे टेकली. काकू पुढे म्हणाल्या, "दूध मात्र पार आटलंय. साखर घालून ठेवू का?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "वेलचीही घाल म्हणावं!"

*

आता हा शेवटचा.

डोंबिवलीचेच आपटेकाका. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. मुलगा परदेशी गेला आणि जाताना आपली जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी पार्किंगमध्ये ठेवून गेला. गाडी उभी राहून खराब होईल म्हणून काका ती चालवायला लागले. हळूहळू नाद लागला! आम्ही त्यांना ब्रेक, पाइप, ऑइल सगळं नवीन करून दिलं.

अडचण आपटेकाकूंची होती. त्यांना गाडीची भयंकर भीती. शेजारी बसून सारखा उजवा पाय खाली दाबायच्या, जसा काही त्यांच्याकडेही ब्रेक आहे. एक दिवस गॅरेजात येऊन दिनेशला म्हणाल्या, "मला माझ्या बाजूला ब्रेक बसवून दे. नाहीतर मी यांच्याबरोबर कुठेही जाणार नाही."

दिनेशने समजावलं, तसं करता येत नाही. काकू ऐकेनात. शेवटी काकांनी आम्हाला बाजूला घेतलं. "अरे, नुसतं एक पेडल लावून दे. काही जोडू नकोस. तिला तेवढाच धीर येईल. मला हिच्याबरोबर फिरायचंय रे."

मग काय, भंगारातलं एक पेडल मी घेतलं. लाकडी फळीवर ठोकलं, खाली स्प्रिंग दिली, दोन स्क्रूने फळी बसवली. माझ्या हाताने केलंय, म्हणून सांगतो. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. काकूंनी दाबून बघितलं, खूश झाल्या.

त्यानंतर दोघं खूप फिरले. एकदा माळशेज घाटातून परत येत होते. दाट धुकं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गॅरेजवर आले, तेव्हा काकू आमच्या दारात उभ्या राहून दिनेशच्या आईला सांगत होत्या, "वळण घेतलं आणि समोर रस्त्यातच एक बाई, कडेवर मूल! फोटो काढत उभी. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा तिची ओढणी आमच्या बॉनेटवर येऊन पडली होती. एवढंच अंतर!" त्यांनी हाताने दाखवलं. "ती बाई रडली, मी रडले. ते लेकरू मात्र हसत होतं."

दिनेशची आई म्हणाली, "देवानं राखलं गं बाय."

मी आणि दिनेशने एकमेकांकडे बघून हळूच हसू दाबलं. काकांचे ब्रेक आम्ही केलेले, त्यांनी वेळेवर दाबले, बाळ वाचलं. यापेक्षा गॅरेजवाल्याला अजून काय पाहिजे?

पण काका हसत नव्हते. आम्हाला आत घेऊन गेले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "दिनेश, खरं सांग. तू ते पेडल जोडलंस ना?"

"नाही काका. तुम्हीच नको म्हणालेलात."

"मी काचेवरचं धुकं पुसायला पुढे वाकलो होतो. माझा पाय ब्रेकवर नव्हता रे. ॲक्सिलरेटरवर होता. वर बघेपर्यंत गाडी थांबली होती. आणि इंजिन बंद पडलं होतं. क्लच न दाबता कोणी ब्रेक मारला की पडतं ना, तसं."

दिनेशने माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे गेलो. काकूंच्या बाजूचं दार उघडलं, मॅट उचलली. फळी, स्प्रिंग, दोन स्क्रू. फळी काढून खाली हात घातला. सपाट पत्रा. त्या दोन स्क्रूंची सोडून एक भोकसुद्धा नाही. सगळं परत होतं तसं बसवलं.

मागे वळलो तर काकू येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं बघतोयस ते. कालपासून माझा ब्रेक जरा सैल लागतोय रे. घट्ट करून दे."

दिनेश पाना घेऊन आला.