माऊस बिघडलेला नाही

टायपिंगवाल्या काकूंना कुणी "तुम्हाला नाही जमायचं" म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजावं. नवरा गेल्यावर त्याच्या आणि धाकट्या दिरांच्या सामाईक खोलीत त्यांनी टायपिंगचं दुकान थाटलं, तेही सगळ्या नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून. दिरांचा मात्र त्या खोलीवर पहिल्यापासून डोळा.

एका सकाळी काकूंचा कॉम्प्युटर बंद पडला आणि दिरांना आयतंच निमित्त सापडलं.

"वहिनी, संध्याकाळपर्यंत हा डबा चालू झाला तर खोली तुमची. नाहीतर उद्या माझं सामान आत."

"ठरलं!" काकू म्हणाल्या आणि सीडी घालून नव्याने सिस्टीम टाकायला बसल्या.

काम सुरळीत चाललं होतं. पण रंगीत पडदा उघडला आणि माऊसचा बाण मधोमध थिजला. माऊस पुसला, आपटला, काढून परत लावला, बाण ढिम्म. मग दीरच बाजारातून तसलाच नवा माऊस घेऊन आले, उगाच नंतर बोल नको म्हणून. तरी बाण जागचा हलेना.

"गेलं तुमचं मशीन. द्या भंगारात."

काकूंचं डोकं सणकलं. दोन-दोन माऊस एकाच जागी कसे मरतील? तेव्हा कुठे त्यांना आठवलं. टायपिस्टची बोटं ती, ओळ संपली की एंटर! सुरुवातीला मशीनने "तुमचा माऊस हाच ना?" असं विचारलं होतं, आणि काकूंनी न वाचताच एंटर ठोकला होता.

"माऊस धड आहे, भाऊजी. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

माऊसवाचून मागे जायचं कसं? टॅब, टॅब, एंटर. एकेक पान मागे सारत काकू त्या प्रश्नापाशी पोचल्या. माऊस दुसऱ्याच, रिकाम्या खाचेत लावलाय असं मशीनने परस्पर धरून टाकलं होतं. काकूंनी यादीतून आपला, गोल पिनेचा माऊस निवडला, जुनाच माऊस पुन्हा लावला, आणि बाण तुरुतुरु पळाला.

"हे मशीन तुमच्यावर गेलंय, भाऊजी. समोर कोण आहे ते बघायचं नाही, आपल्या मनाने ठरवून मोकळं!"

सिस्टीम टाकून पुरी झाली तेव्हा दारात अजून ऊन होतं. दीर ओशाळं हसले.

"अहो वहिनी, मी गंमत केली होती हो."

"मी नव्हती केली," काकू म्हणाल्या. "उद्यापासून या खोलीत यायचं ते दार वाजवून."