जायफळाचा जास्तीचा वेढा

हातखंब्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की जी वाडी लागते, तिथे सगुणाकाकीच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. दुकानदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना तिने कधी ना कधी झापलेलं. पण या बाईला स्वतःसाठी काही मागायला सांगा, की हिची वाचा बसलीच! अशा बाईने जन्मात एकदाच काही मागितलं, तेही लेकीकडे. "योगिनी, पोरगी माझ्याकडे ठेव गो."

पोरगी म्हणजे सानवी, योगिनीची तान्ही लेक. योगिनी दिल्लीला कंपनीत, तिचा नवरा सुजय बोटीवर, एकदा गेला की सहा-सहा महिने तोंड दिसायचं नाही. सासू-सासरे हयात नाहीत. बाळंतपणाची रजा संपत आली आणि कंपनीने परत फिरतीचं काम पुढ्यात टाकलं, आज हैदराबाद, उद्या कलकत्ता, सगळं विमानाने. मुलीला कडेवर घेऊन फिरायचं की आजी-आजोबांकडे ठेवायचं, हे ठरवायला ती माहेरी आली.

आली तीच रडवेली. सानवी विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत किंचाळत होती म्हणे. कान दुखले असतील बिचारीचे. मागच्या सीटवरचा कोणी शहाणा म्हणाला, "सांभाळता येत नाही तर आणता कशाला?" गोव्याच्या विमानतळावरून गाडीने घरी पोचेपर्यंत पोरीचा आवाज बसला होता, डोळे सुजले होते. सगुणाने तिला छातीशी घेतलं आणि त्या शहाण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तिच्या नवऱ्याचं, भिकाजीचं तर विचारूच नका. जन्मभर मुंबईत कारखान्यात राबलेला माणूस. योगिनी लहान असताना हा गणपतीला यायचा आणि शिमग्याला. दर वेळी पोर त्याला बघून आईच्या पदराआड लपायची, आणि ओळख पटेपर्यंत ह्याची रजा संपायची. सानवी मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या मिशीला लोंबकळली. त्याने माळ्यावरचा पाळणा काढून घासला, नवी दोरी आणून माजघरात तुळईला टांगला. "हिचं पहिलं पाऊल मी बघणार," असं वाडीभर सांगून आला. "नजर लावाल पोरीला!" म्हणून सगुणाने दटावलं खरं, पण तिलाही ते ऐकायला गोडच वाटत होतं.

जायच्या आदल्या दिवशी योगिनी भाताला आधण ठेवता ठेवता म्हणाली, "आई, मन होत नाही गो हिला सोडायचं. या खेपेला नेऊन बघते. विमानात शांत राहिली तर घेऊनच फिरेन. तशीच रडली तर मात्र माझ्याच्याने नाही व्हायचं. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे आणून ठेवते, चांगली शाळेत जाईपर्यंत."

"बरं," सगुणा म्हणाली. मनात म्हणाली, एकदा रडली ती दुसऱ्यांदा काय गाणं म्हणणार आहे? म्हणजे पोरगी आपलीच. भिकाजी तर पाळणा सोडायलाही तयार नव्हता. "राहू दे टांगलेला. महिन्याभराचा तर प्रश्न."

सकाळी योगिनी आंघोळीला गेली. सानवी सगुणाच्या मांडीवर टकामका बघत होती. आणि सगुणाला ती आल्या दिवशी होती तशी दिसली. तो घोगरा आवाज, हुंदक्यांनी धपापणारं ते एवढंसं पोट. आज परत तेच होणार, आणि आपण बसून त्याचीच वाट बघतोय! शी! सगुणाला स्वतःची किळस आली. मी आजी की वैरीण?

देवळीत घुटीची सहाण होती. डॉक्टरने घुटीबिटी अजिबात नको म्हणून सांगितलेलं, योगिनीने आल्या आल्या बजावलेलं, आणि सगुणाने "हो बाय, हो" म्हणून मान डोलावलेली. पण तिच्या हाताखालून वाडीतली किती पोरं गेली! भिकाजीने परसात लावलेल्या झाडाचं जायफळ तिने घेतलं आणि पाण्याच्या थेंबात सहाणेवर एक वेढा उगाळला. एवढ्याने गाडीत झोपेल आणि विमानात जागी होईल. म्हणून दुसरा. जरा थांबली, आणि तिसराही दिला. बोटाने चाटवलं. सानवीने तोंड वाकडं केलं आणि मग हसली.

गाडी वळणाआड गेली तसा सगुणाचा जीव उडाला. तिसरा वेढा कशाला दिला मी मेलीने? पोरीचा जीव तो केवढा! फोन करावा तर सांगायचं काय? जेवायचं ताट तसंच सारून ठेवलं. शेवटी देवासमोर जाऊन बसली. "पोर उठू दे रे म्हाराजा. बाकी मला काय नको."

"काय झालं गो तुला?" भिकाजीने विचारलं.

"पित्त," ती म्हणाली.

दिवेलागणीला फोन वाजला. भिकाजीने स्पीकर लावला.

"आई, चमत्कार झाला! गाडीत झोपली ती थेट घरी येऊन उठली. विमानात हूं नाही की चूं नाही!"

"उठली ना पण?" सगुणा ओरडलीच. "दूध प्यायली? बघते का नीट?"

"अगं, खेळतेय. आई, काळजीच मिटली. मी कंपनीला हो म्हणून टाकलं. हिला घेऊनच फिरणार. आता कधी रडलीच तरी घाबरणार नाही मी. राहू शकते हे दिसलं ना? होईल सवय. तुम्हाला या वयात कशाला ताप?"

"बरं," सगुणा म्हणाली. खरं सांगावं, तर घुटी चाटवणाऱ्या आजीकडे योगिनी पोर कधीच ठेवणार नाही. न सांगावं, तर पोर दर फेरीला किंचाळत जाणार, आणि आई म्हणणार, होईल सवय. जायफळ द्यायला तिथे कोणी नाही, आणि द्या म्हणून सांगायचं तोंडही नाही. देवाने गाऱ्हाणं ऐकलं होतं, शब्दन् शब्द ऐकलं होतं.

भिकाजीने फोन ठेवला.

"गुणाची गो पोर," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "जरा रडली असती तर..." आणि स्वतःलाच लाज वाटून उठला. पाळण्यापाशी जाऊन दोरीची गाठ सोडवू लागला. नवी दोरी, पक्की बसलेली, हाताला दाद देईना.

"कोयता आण गो," तो म्हणाला.

सगुणाने कोयता आणून त्याच्या हातात दिला, आणि त्याने दोरी कापेपर्यंत खालून पाळणा धरून उभी राहिली.