शेठची बाजू

मी कोण काकांबद्दल लिहिणारा? तरी लिहितो, माफ करा. ते खामगावच्या एका शेठच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाची धूळ घशात बसू नये म्हणून गालात कायम गुळाचा खडा असायचा. कॉलेजच्या वादविवादासाठी अतिश्रीमंतांवर कर का हवा, हे मी त्यांना चहाच्या टपरीवर ऐकवायचो.

"काऊन बे, शेठच्या मांगं लागला?" ते खोकत हसायचे.

"त्या पैशातून दवाखाने सुधारतील, काका."

"मले कायले दवाखाना? शेठ हाय ना."

शेठची काळ्या काचांची गाडी आली की ते बोलता बोलता उठून उभे राहायचे.

परवा त्यांच्या मुलाकडून कळलं. सरकारी दवाखान्यात खाट मिळाली नाही, व्हरांड्यातच ते गेले. शेठला फोन करू का, असं त्यानं विचारलं होतं.

"नको," ते म्हणाले होते, "त्याइले तरास होईन."