पुराव्याचा फोटो

माझ्या मूर्खपणाचे किस्से आमच्या घरात पुष्कळ आहेत. पण घोटावड्यात मी जे केलं, त्याला मात्र तोड नाही. ऐकाच.

सात वर्षं परदेशात शिकून मी नेऱ्याला परतलो, तो गाव सुधारायचंच असं ठरवून. सुरुवात कुठून? अर्थात घरातून.

त्या दिवशी चुलतभाऊ सागरसाठी मुलगी बघायला घोटावड्याला निघालो होतो. आधी तीन ठिकाणी नकार आलेला, त्यामुळे काकू गाडीत सारखं देवाचं नाव घेत होत्या. रुमाल शोधताना पुढच्या कप्प्यात मला एक फाइल सापडली. बावधनचा केस लावणारा दवाखाना, आणि वर नाव सागरचं. आत एका डोक्याचा मागून काढलेला फोटो. मधोमध वाटीएवढं गुळगुळीत मैदान, कडेला एक चामखीळ.

मी सागरच्या दाट केसांकडे बघितलं. म्हणजे लावून घेतलेत तर! फाइल गुपचूप पिशवीत टाकली.

आता तुम्हीच सांगा, संसाराची सुरुवात लपवाछपवीनं करायची का?

पोहे झाले आणि मी उभा राहिलो.

"सागरचे केस मूळचे नाहीत," मी म्हणालो. "पण त्यात लाज कसली? मागचे काढून उजाड जागी लावतात. आपण भाताची लावणी करतोच ना?"

काकूंच्या हातातली बशी तिथंच थांबली. सागर माझा सदरा ओढत म्हणाला, "दादा, खाली बस."

"सत्याला घाबरू नकोस," मी त्याला धीर दिला.

मुलीचे आजोबा उठून सागरजवळ आले. "वढून बघू का?"

"खुशाल ओढा," मीच परवानगी दिली.

त्यांनी ओढले. केस हलले नाहीत, सागरच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. मग मी पुरावा म्हणून फोटो पुढे केला. आजोबांनी तो चष्म्याजवळ धरला, मग माझ्याकडे बघितलं.

"पावनं, जरा मागं वळा."

मी वळलो.

"चामखीळ तर हितं हाय की."

सागर खाली बघत पुटपुटला, "परवा तू भाताच्या खाचरात वाकला व्हतास, तवा काढला. माझं जमलं की तुझ्यासाठी मुली बघायच्यात. तू चिडशील म्हणून माझ्या नावानं चौकशी केली."

आपली टाळू मागून कशी दिसते, हे कुणाला ठाऊक असतं हो?

इतका वेळ ओढणीआड हसणारी मुलगी आजोबांना म्हणाली, "मला पसंत हाय. एवढे केस वढले, तरी ह्यांनी भावाचं नाव न्हाई घेतलं."

आजोबा खूश झाले. त्यांची अट एकच. "लग्नात पयला फेटा ह्या पावन्याला बांधायचा."

मी ठामपणे सांगितलं, टक्कल झाकणं मला तत्त्वतः मान्य नाही.

मग बाहेर येऊन चपला घालताना सागरला हळूच विचारलं, "बावधनची वेळ कधीची मिळेल?"